सहाव्या पायरीवरचा दम

“पोराला कंटाळा आला, तर चूक पोराची नसते, जिन्याची असते.”

पालकांच्या सभेत एवढं एकच वाक्य बोलून जिनेवाले सर खाली बसले. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी शेजारणीला विचारलं, “हे पियानो शिकवतात की गवंडीकाम?” आणि हशा पिकला. सगळ्यात मागे सरांची बहीण बसली होती. तिला हसू आलं नाही. दादा चार माणसांत तोंड उघडणार म्हटलं की ती आधीच मान खाली घालून बसायची. हे लहानपणापासूनचं होतं, आणि आता दोघांचेही केस पांढरे झाले तरी ते गेलं नव्हतं.

संगीताची ती शाळा म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या. पहिलीत संचालिका बाई आणि त्यांचं टेबल, दुसरीत दादाचा पियानो, तिसरीत बहिणीचा गाण्याचा वर्ग. तिला घरात धाकटी म्हणत, म्हणून शाळेतही ती धाकट्या बाई झाली. दुसरी आणि तिसरी खोली पूर्वी एकच होती. मध्ये प्लायवूड ठोकून तिचे दोन तुकडे केले होते. त्यामुळे दादाच्या खोलीतली शिंकसुद्धा धाकटीच्या वर्गात हजेरी लावायची. दादाचं अर्धं आयुष्य धाकटीनं असं लाकडापलीकडून ऐकलं.

जिन्याची भानगड अशी. पियानो शिकणाऱ्याला रोज एक काम करावंच लागतं. खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत आठ स्वर चढायचे आणि उतरायचे. हाताला वळण लागेपर्यंत, आणि लागल्यावरही. याहून कोरडं काम शोधून सापडायचं नाही. शिकवणारा जांभई देतो, शिकणारा खिडकीबाहेर बघतो, आणि मधल्यामध्ये स्वर उपाशी मरतात. दादानं त्या आठ स्वरांचा जिना केला आणि पायरीपायरीवर बिऱ्हाडं बसवली. पहिल्या पायरीवर चष्मेवाला. तो येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतो, कोण आलं? दुसरीवर एक माणूस चपलेचा दुसरा पाय शोधतोय, त्याच्या बाजूनं हलकेच जायचं. तिसरीवर जुळी पोरं. चौथ्या स्वराला अंगठा बाकीच्या बोटांखालून सरकवावा लागतो, आणि तिथंच सगळी मुलं अडखळतात. म्हणून तिथं मांजर. मांजर कधी धक्का देऊन जातं का? पायांखालून जातं आणि कुणाला कळतही नाही. पाचवीवर खाष्ट म्हातारी, “धडधड चढू नका रे मेल्यांनो!” सातवीवरची खोली कुलूपबंद, आत कोण राहतं कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तिथं रेंगाळायचं नाही, धूम ठोकून आठवीवर, म्हणजे गच्चीत. उतरताना कठड्यावरून घसरगुंडी. कोमल स्वर लागले की जिन्यातले दिवे गेले असं समजायचं आणि चाचपडत चढायचं.

सहावी पायरी रिकामी होती. तिथं भाडेकरू मिळत नव्हता.

पोरांना हे सगळं इतकं आवडायचं की आई न्यायला आली तरी ती उठायची नाहीत. “एकदाच, आई, एकदाच. म्हातारी आज झोपलीय, बघ ना!” संचालिका बाई खूशही असायच्या आणि साशंकही. एवढी मजा चाललीय म्हणजे शिकणं कुठून तरी गळत असणार, असं त्यांना वाटे.

हे खूळ दादाच्या डोक्यात कुठून आलं ते धाकटीला ठाऊक होतं. त्यांचे वडील हॉटेलच्या वाद्यवृंदात पियानो वाजवत. रात्री पाहुण्यांसाठी हसून वाजवायचं आणि सकाळी पोरांना न हसता शिकवायचं, असा त्यांचा दिनक्रम. पियानोच्या डाव्या कडेला ते शेंगदाण्यांची रास मांडत. आठ स्वर चढून उतरलं की एक दाणा उजवीकडे. सगळे दाणे पलीकडे गेले की सुटका. धाकटी इमानदारीत दाणे हलवायची. दादा खायचा. एकदा वडील लवकर परतले आणि पाहतात तो डावी कडा रिकामी, उजवीही रिकामी.

“सराव कुठं गेला?”

“पोटात,” दादा म्हणाला.

थप्पड बसली, ती धाकटीच्या कानातही घुमली. पण त्या सकाळी दादानं जे वाजवलं होतं, ते तिला पुढे आयुष्यभर आठवत राहिलं. दाण्यागणिक तो त्या आठ स्वरांना वेगळं काहीतरी करत होता. एकदा लंगडत नेत होता, एकदा रुसवत होता, एकदा पळवत होता. ती हसून हसून आडवी झाली होती. सराव पोटात गेला नव्हता. फक्त वडिलांना जिथं हवा होता तिथं तो नव्हता.

वडिलांची इच्छा होती, मुलानं मैफली गाजवाव्यात. दादाची बोटं जाड आणि मन भटकं. मैफल त्याच्या वाटेला आलीच नाही. काही वर्षं त्यानं नाच शिकवणाऱ्या एका बाईंच्या वर्गात साथ केली. मग फर्निचरच्या मोठ्या दुकानात नोकरी धरली. गिऱ्हाइकांनी पियानो घ्यावेत म्हणून दिवसभर वाजवत बसायचं. लोक समोरच्या सोफ्यांवर बसून मनापासून ऐकत आणि शेवटी सोफा घेऊन जात. “माझ्यामुळे सोफे खूप खपले,” असं तो पुढे सांगायचा, आणि ते सांगताना त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच कडवटपणा नसायचा. कडवटपणाची त्याला सवयच नव्हती. दुःख आलं की ते कुठं ठेवायचं हेही त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

त्याच दुकानात त्याला वहिनी भेटली. ती दाताच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची आणि वेटिंगरूमसाठी खुर्च्या बघायला आली होती. दिवसभर लोकांना “बसा, थोडं थांबा” म्हणणं हे तिचं काम. दादाला ती म्हणाली, “तुम्ही वाजवायचं थोडं थांबाल का? मला खुर्ची करकरते का ते ऐकायचंय.” दादा थांबला. धाकटी म्हणायची, दादाला थांबवता आलं अशी जगात ती एकच बाई.

मूल झालं नाही. वहिनीच्या हृदयाची एक झडप जन्मापासून अधू होती, आणि घर होतं वरच्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. दादा म्हणायचा, खाली कुठं तरी जागा बघू. ती म्हणायची, “खाली आभाळ मिळतं का बघा, मिळालं तर जाऊ.” कामावरून आली की शेवटच्या वळणावरच्या खिडकीपाशी ती थांबायची, एक हात भिंतीला लावून. वर दादा दार उघडून उभा असे. खाली उतरून तिचा हात धरलेला तिला खपायचा नाही. म्हणून तो फक्त ऐकायचा. पावलं, मग काही नाही, मग पुन्हा पावलं. धाकटी कधी त्यांच्याकडे गेलेली असली तर तिलाही तो बोलू द्यायचा नाही. ओठांवर बोट ठेवून उभा. मधल्या त्या ‘काही नाही’मध्ये त्याचा चेहरा कसा होई, ते धाकटीनं पाहिलं होतं. नंतर पावलं सुरू झाली की तो एकदम चेष्टेच्या सुरात ओरडायचा, “आली बरं का राणीसरकार!”

अशातच शाळेत ती मुलगी आली. तिचा बाप लिफ्ट दुरुस्त करणारा. मुलीला बसवलं आणि म्हटलं वाजव, तर तिनं आठ स्वर असे पळवले की ते एकमेकांच्या अंगावर पडले. पुन्हा सांगितलं, पुन्हा चेंगराचेंगरी. दादानं तिचं नाव ठेवलं गडबड. तेच चिकटलं. बापही घरी तिला गडबडच म्हणू लागला.

“काय मास्तर,” लिफ्टवाला दारातून म्हणाला होता, “मी उभा जन्म लोकांचे जिने चुकवण्यात घालवला, आणि माझी पोर तुमच्याकडे जिने चढायला येते! धंदा बुडवणार माझा.”

“तुमची लिफ्ट बंद पडली की माझ्याकडेच येतात सगळे,” दादा म्हणाला.

गडबडला म्हातारी थोपवू शकली नाही, जुळी पोरं थोपवू शकली नाहीत. ती सगळ्यांना तुडवत गच्चीत जायची. शेवटी एका दुपारी दादानं तिचा हात हातात घेतला आणि तिचं मधलं बोट सहाव्या स्वरावर टेकवलं. पलीकडे धाकटीचा वर्ग नुकताच सुटला होता. तिला शब्दन् शब्द ऐकू आला.

“इथं माझी बायको उभी आहे,” दादा म्हणाला. “तिला दम लागलाय. तिला धक्का मारून पुढे जाणार का तू?”

गडबड विचारात पडली. “नाही.”

“मग काय करायचं?”

“थांबायचं.”

“आणि?”

“विचारायचं. काकू, जाऊ का?”

दादानं आवाज बारीक केला. वहिनीची हुबेहूब नक्कल. “जा गं बाई, माझ्या तोंडाकडे काय बघतेस!”

त्या दिवशी गडबडच्या स्वरांना पहिल्यांदा एकमेकांमध्ये जागा मिळाली. सहाव्या पायरीवर कुणी तरी उभं आहे म्हटल्यावर पहिल्या पाच पायऱ्याही ती जपून चढू लागली. आठवड्याभरात ही गोष्ट वर्गात पसरली आणि प्रत्येक पोराला काकू हवी झाली. दिवसभर प्लायवूडपलीकडून ऐकू यायचं, “काकू, जाऊ का?” आणि दादाचा बारीक आवाज.

वहिनी एकदा शाळेत आली तेव्हा तिला हे कळलं. “अहो,” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “सगळ्या गावाला बिऱ्हाडं दिलीत आणि मला तेवढं जिन्यात उभं केलंत?”

“गच्चीच्या दोन पायऱ्या अलीकडे आहेस. एवढी मोक्याची जागा कुणाला मिळते?”

“धाकटे, बघ गं तुझ्या भावाला! उद्या मला पोळपाटावर बसवून त्यावर तान घेईल हा.”

गडबड पियानोपाशी उभी राहून त्या बाईकडे टकमक बघत होती. गोष्टीतलं माणूस चपला घालून समोर आलं होतं. तिनं हळूच विचारलं, “काकू, दम लागलाय?”

“आत्ता नाही लागला. आत्ता तुझं ऐकायला आलेय.”

मग गडबडनं वाजवलं. सहाव्या पायरीवर थांबली, मान वर केली आणि खऱ्या काकूला विचारलं. खरी काकू म्हणाली, “जा बाळा.” तिचा आवाज दादाच्या नकलेपेक्षा जाडा होता. सगळे हसले.

वहिनी गेली ती जिन्यात नाही. दवाखान्याच्या पलंगावर, भर दुपारी, दादा पाण्याची बाटली भरायला बाहेर गेला असताना. धाकटी उशाशी होती. दादा परत आला आणि बाटली कुठं ठेवावी ते त्याला कळेना. ती हातात घेऊन तो संध्याकाळपर्यंत उभा होता.

काही दिवसांनी तो कामावर आला. आयांनी पोरांना घरून पढवून पाठवलं असावं. धाकटी पलीकडे आपल्या मुलींना एक ओळ सांगत होती. तिनं हात वर करून त्यांना गप्प केलं. दादाच्या खोलीत कुणी तरी जिना चढू लागलं. सहाव्या पायरीवर बोट थांबलं. आणि नेहमीचा प्रश्न आलाच नाही. नुसतं बोट दाबलेलं, आणि तो एकटा स्वर खोलीत विरत विरत चाललेला. प्लायवूडच्या दोन्ही बाजूंना कुणी हललं नाही. मग दादाच बोलला. न विचारता. त्याच बारीक आवाजात.

“जा गं बाई, माझ्या तोंडाकडे काय बघतेस.”

धाकटीनं त्या दिवशी वर्ग लवकर सोडला.

हळूहळू तो बारीक आवाज बंद झाला. नवी पोरं आली, त्यांना काकूचा प्रश्न कुणी शिकवला नाही. पण थांबा राहिला. दादा वाजवून दाखवी तसा मुलं वाजवत, आणि दादा सहाव्यावर थांबे. आधी तो थांबा चिमूटभर होता. विचारलं, उत्तर आलं, निघालं, एवढाच. आता विचारणारं कुणी नव्हतं आणि उत्तर देणारंही, त्यामुळे तो संपावा कशानं? तो लांबत गेला. धाकटीच्या कानाला तो रोज टोचे. भिंतीतला खिळा कपड्यांना लागतो तसा. एकदा खिडक्या लावता लावता ती म्हणाली, “दादा, ते सहाव्या स्वरावर थांबणं आता काढून टाक.”

“दम लागलाय तिला,” दादा म्हणाला. “घाई काय आहे?”

‘लागायचा’ म्हणाला असता तर धाकटी पुढे काही बोलली असती. ‘लागलाय’ म्हणणाऱ्या माणसाशी काय बोलायचं? तिनं खिडकीची कडी लावली.

गडबड मोठी होत गेली. तिची बोटं लांब झाली, पाय पेडलला पोचले, आणि या शाळेनं कधी न पाहिलेलं काहीतरी तिच्या वाजवण्यात आलं. मोठ्या शहरात संगीताचं महाविद्यालय होतं. तिथं लहान वयाच्या मुलांना निवडून, राहायची सोय करून शिकवत. संचालिका बाईंनीच तिला चाचणीला पाठवायचं ठरवलं. तिथं जागा मिळाली तर गडबडचं आयुष्य मार्गी लागणार होतं. न मिळाली तर चष्म्याच्या दुकानावरच्या या खोलीत तिला शिकवण्यासारखं आता कुणाकडे काही उरलं नव्हतं. दादा स्वतःच तसं म्हणायचा.

चाचणीहून लिफ्टवाला एकटाच शाळेत आला. पोर घरी दार लावून बसली होती. अवजारांची पिशवी मांडीवर घेऊन तो दादाच्या खोलीत बसला. धाकटीही आली.

“मोठी रचना झकास वाजवली तिनं. मी दाराबाहेर होतो. आतले लोक वा म्हणाले, मी ऐकलं. मग ते म्हणाले, आता साधे स्वर वाजव. चढ, उतर. वाजवले. ते म्हणाले, मध्ये थांबू नकोस, पुन्हा वाजव. पुन्हा वाजवले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, बाळ, तू थांबतेस का? तर ही म्हणते, मी थांबलेच नाही.”

धाकटीनं दादाकडे पाहिलं.

“त्यांना वाटलं, पोर उद्धट आहे. नाही तर बहिरी आहे.” लिफ्टवाला रागावलेला नव्हता, तेच ऐकायला जड जात होतं. “मास्तर, लिफ्ट कधीकधी मजल्याच्या जरा अलीकडेच थांबते. आतल्या माणसाला वाटतं, मजला आला. दार उघडतो तर समोर भिंत. माझ्या पोरीचं तसं झालंय. उरलेल्या जागांसाठी महिन्यानं परत ऐकणार आहेत. तेवढ्यात दुरुस्त होईल का, सांगा.”

“तिचं नीट ऐकू आलं नसेल त्यांना,” दादा म्हणाला. “ती थांबत नाही. कशाला थांबेल? हे बघा, मी तिला असंच शिकवलंय.” आणि त्यानं वाजवून दाखवलं.

एक, दोन, तीन, मांजर, म्हातारी, मग सहावा स्वर. आणि ते जाड मधलं बोट तिथं उभं राहिलं. चांगला श्वासभर उभं राहिलं. मग सातवा, आठवा.

लिफ्टवाल्यानं खाली पाहिलं.

“दादा,” धाकटी म्हणाली, “तू थांबलास.”

“कुठं?” दादानं खरोखरच बुचकळ्यात पडून विचारलं. “मी थांबलोच नाही.”

अंगवळणी पडणं म्हणतात, ते हे नव्हतं. हे त्याच्याही पलीकडचं होतं. दुःख कुठं ठेवायचं ते न कळलेल्या माणसानं ते एका बोटाखाली ठेवलं होतं, आणि ते तिथं आहे हे तो विसरूनही गेला होता. आणि तिथूनच ते पोरांच्या हातात गेलं, पोरांना ते दुःख आहे हे न कळता. पोरांना वाटलं, स्वरांचा जिना असाच असतो. जगातल्या सगळ्या जिन्यांना सहाव्या पायरीवर असाच दम लागतो.

पुढचे काही दिवस दादानं जिवाचं रान केलं. नवे खेळ काढले. जिना रद्द केला, आगगाडी आणली. सहावं स्टेशन बंद आहे, गाडी थांबणार नाही! गाडी थांबली. नदी आणली, ती तिथंच अडली. प्रत्येक वेळी गडबड थांबायची आणि दादा टाळी वाजवून म्हणायचा, “शाब्बास, आता कसं सरळ गेलं!” पलीकडे धाकटी कपाळाला हात लावायची. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं, तर इथं ओतणाराच पालथा होता. गडबडला आता स्वतःचं थांबणं ऐकू येऊ लागलं होतं, आणि सरांना येत नाही हेही तिला समजलं होतं. शाब्बासकी घ्यायची आणि डोळे पुसायची.

संचालिका बाईंनी धाकटीला बोलावलं. “तुम्हीच काहीतरी करा. तुमच्याइतकं या शाळेत कुणाला ऐकू येत नाही.”

धाकटी दादाकडे गेली. “दुपारी तुझा वर्ग नसतो तेव्हा ती इथंच पियानोवर माझ्याकडे बसेल. तू खोलीत नको.”

दादा बराच वेळ पियानोच्या झाकणावरची धूळ बोटानं पुसत राहिला. “ने,” तो म्हणाला. “पण तिला कंटाळा आणू नकोस.”

“कंटाळाच आणणार आहे, दादा. दुसरं औषध नाही.”

आणि तिनं तो आणला. लयीसाठी टकटक करणारं यंत्र पियानोवर ठेवलं आणि गोष्ट अशी एकही सांगितली नाही. एक ते आठ. आठ ते एक. डोळे मिटून. भिंतीकडे बघत. बसच्या गर्दीबद्दल बोलता बोलता. कधी सहाव्यापासून सुरुवात करायला लावी, म्हणजे तीच पहिली पायरी होई. कधी मधल्या बोटाऐवजी दुसरंच बोट. कोरडं, निष्ठुर काम. धाकटीच्या अंगात वडील शिरले होते आणि तिला ते दिसत होतं. फक्त शेंगदाणे नव्हते. गडबडची मान खाली जात जात पट्ट्यांना टेकायला आली. कंटाळ्याच्या त्या पाण्यानं एकेक बिऱ्हाड धुऊन निघालं. आधी चष्मेवाला गेला. जुळी गेली. मांजर गेलं, अंगठा नुसता अंगठा झाला. म्हातारी बरेच दिवस चिवटपणे बसली, मग तीही गेली. सहावी पायरी काही केल्या हलेना.

“बाई, मला धक्का दिल्यासारखं वाटतं,” गडबड एकदा म्हणाली. “कुणाला तरी मागे टाकून पळाल्यासारखं.”

“तिथं कुणी नाही,” धाकटी म्हणाली. “स्वर आहे. पुन्हा.”

असं म्हणताना तिनं गडबडकडे पाहिलं नाही. वहिनी तिची मैत्रीण होती. दोघी सिनेमाला जायच्या आणि दोघीही मध्यंतरानंतर एकमेकींच्या खांद्यावर झोपायच्या. घरी आल्यावर शेवट काय झाला ते दादाला खोटंच रचून सांगायच्या. त्या बाईला आता ती स्वतःच्या हातानं जिन्यातून हाकलत होती, रोज दुपारी, टकटक यंत्राच्या तालावर.

मग एका दुपारी बोट थांबलं नाही. सहावा स्वर पाचव्यासारखा आणि सातव्यासारखाच आला आणि गेला. पुन्हा चढली, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा गडबडनं दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

“बाई, आत्ता मी काकूंना ओलांडून गेले ना?”

“हो.”

“त्यांना कळलं असेल?”

धाकटीनं यंत्राची किल्ली पिळली. “खालच्या सा पासून,” ती म्हणाली, आणि खिडकीपाशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. खाली समोरच्या टायरच्या दुकानात कुणी तरी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होतं. मागे स्वर सरळ चढत होते, सरळ उतरत होते.

चाचणीला जायच्या आदल्या दिवशी गडबड म्हणाली, सरांना ऐकवल्याशिवाय मी जाणार नाही. धाकटीला ते नको होतं, पण नाही कोणत्या तोंडानं म्हणायचं? सगळे दादाच्या खोलीत जमले. संचालिका बाई खुर्चीवर, लिफ्टवाला पिशवी खांद्याला लावून दारात, धाकटी प्लायवूडला पाठ टेकून. दादानं दाढी केली होती. तो पियानोच्या बाजूला, नेहमीच्या जागी उभा राहिला, झाकणावर हात ठेवून.

“कुठली गोष्ट सांगू?” त्यानं विचारलं.

“आज गोष्ट नको, सर,” गडबड म्हणाली. तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. उलट विनवणी होती.

तिनं वाजवलं. सगळे स्वर एकसारखे, धुतलेल्या पायऱ्यांसारखे. वर गेले, खाली आले. मग कोमल स्वर, तेही एका लयीत, दिवे असलेल्या जिन्यातून गेल्यासारखे. कुठं थांबा नव्हता, कुठं कुणी उभं नव्हतं. बाईंनी खुर्चीच्या हातावर हलकी थाप मारली, “उत्तम!” लिफ्टवाला पुटपुटला, “बरोबर मजल्यावर.”

धाकटी दादाकडे बघत होती. इतके दिवस तिनं मनाशी धरलं होतं, ज्याला थांबा ऐकू येत नाही त्याला तो गेलेलाही ऐकू येणार नाही. टाळी वाजवून शाब्बास म्हणेल आणि सुटेल बिचारा. तिचा अंदाज चुकला. पहिल्याच चढणीला दादाचा चेहरा पडला होता. सहावा स्वर येऊन गेला तेव्हा त्याची मान किंचित पुढे झाली, पावलं ऐकायला दारात उभा राहायचा तशी. दुसऱ्यांदा तो स्वर गेला तेव्हा त्यानं डोळे मिटले. तिसऱ्यांदा तो ऐकतच नव्हता. झाकणावरचा त्याचा हात तेवढा आपलं मधलं बोट लाकडावर दाबून होता.

“सर,” गडबड वळली, “आता थांबले नाही ना मी?”

प्रश्न सरळ होता. पोरीचं उद्याचं सगळं त्याच्या होकारावर नव्हतं. ते तिच्या हातात आलंच होतं. पण तिला तो त्याच्याचकडून हवा होता. दादानं तिच्याकडे पाहिलं. मग धाकटीकडे. त्या नजरेत राग असता तर धाकटीला बरं वाटलं असतं. त्यानं मान हलवली, नाही, थांबली नाहीस, अशी. मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, काढला. लिफ्टवाला पिशवी सावरत बाजूला झाला, आणि दादा त्या दारातून बाहेर निघून गेला.